भरलेला आवाज

आमच्या बँडमध्ये चार माणसं आहेत आणि चौघंही पन्नाशीच्या थोडे अलीकडे-पलीकडे. घाटकोपरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी आम्ही जमतो. गाणारी बँकेत अधिकारी आहे, ड्रम वाजवणारा दातांचा डॉक्टर, बास गिटारवर माझा शाळेपासूनचा मित्र आणि इलेक्ट्रिक गिटारवर मी. कुणाच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, माघी गणपती, निवृत्तीचा निरोप अशा प्रसंगी आम्हांला बोलावतात. अकरा वर्षं बोलावताहेत, यावरून आम्ही बरे वाजवत असणार असा मी निष्कर्ष काढला होता.

एका रविवारी गाणारी सहज म्हणाली की माझी गिटार तिला कानाशी डास आल्यासारखी ऐकू येते. बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. मी मुळीच रागावलो नाही. दोष गिटारचा होता, माझा नव्हता, हे मला तत्क्षणी कळलं होतं.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबकं असतात आणि त्यांच्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याची तार हजारो वेढे देऊन गुंडाळलेली असते. याला पिकअप म्हणतात. वरची तार थरथरली की यात वीज उमटते आणि तिचा पुढे स्पीकरमधून आवाज होतो. माझ्या गिटारचे पिकअप ती विकत घेतली तेव्हाचे, म्हणजे स्वस्तातले होते. ते बदलले की आवाज भरणार, एवढं सोपं होतं. तरी त्यात चार महिने गेले.

त्या चार महिन्यांत मी गिटार जवळपास वाजवलीच नाही, कारण पिकअपचा अभ्यास चालू होता. परदेशी दाढीवाले पुरुष एकच तुकडा आठ वेगवेगळ्या पिकअपवर वाजवून दाखवतात आणि कुठला आवाज उबदार, कुठला सायीसारखा, कुठला कुरकुरीत ते सांगतात, असे व्हिडिओ मी रोज बघत होतो. एकदा बायकोला समोर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि दोन आवाज ऐकवले. तिने मन लावून ऐकलं. म्हणाली, दुसऱ्यात पंखा कमी वाजतोय. तिच्याशी हा विषय मी पुन्हा काढला नाही.

अंधेरीच्या एका दुकानात गेलो, तर तिथल्या माणसाने दोन कॉइलवाला जाड पिकअप सुचवला. मात्र तो बसवायला गिटारचं लाकूड कोरावं लागेल म्हणाला. मी गिटार उचलून घरी आलो. शेवटी डॉक्टरच्याच एका पेशंटने, तोंडात कापूस असताना, मरोळच्या एका बाईंचा पत्ता सांगितला. हाताने कॉइल गुंडाळतात, मोटरच्या, पंख्याच्या, आणि कुणी आणलेच तर गिटारच्याही.

शनिवारी मी मेट्रोने मरोळला गेलो. औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात पासष्टीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या मावशी वाइंडिंग मशीनवर बसल्या होत्या. शेजारच्या गाळ्यात पत्रा कापत होते आणि समोर कंप्रेसर चालू होता. गाळा नवऱ्याने सुरू केला, तो गेल्यावर तीस वर्षं त्याच चालवत होत्या. मी मोठ्याने माझं काम सांगितलं. त्यांनी मान वळवून दुसरा कान पुढे केला आणि म्हणाल्या, "ह्या बाजून बोल. त्या कानान माका आयकाक येणा नाय."

तीस वर्षं मशीनशेजारी बसून एक कान गेला होता, दुसरा निम्मा उरला होता. माझ्या गिटारचा आवाज आता या बाईंच्या हाती होता. पण मी चार महिने अभ्यास केलेला माणूस. चुंबकांचे प्रकार, तारेची जाडी, सगळं पाठ म्हणून दाखवलं. त्या शांतपणे ऐकत होत्या, किंवा तसं वाटत होतं. मग विचारलं, नेमका कसा आवाज पाहिजे. मी म्हणालो, भरलेला.

"भरलेलो सरंगो माका माहीत आसा," त्या म्हणाल्या. "आवाज कसो भरतत?"

मासा मलाही माहीत होता. मग त्यांनीच समजावलं. वेढे वाढवले की आवाज जाड होतो, मात्र वरची धार जाते. दोन्ही पाहिजेत म्हणून हट्ट धरणारे येतात, त्यांना त्या परत पाठवतात. मी धार सोडली. त्यांनी जुने पिकअप काढले, त्यांच्यावरची तार कापून टाकली आणि नवी गुंडाळायला घेतली. तार बोटांतून जात होती ती मला दिसतही नव्हती. झाल्यावर कॉइल वितळलेल्या मेणात बुडवून ठेवली, मीटर लावून आकडा बघितला आणि झालं म्हणाल्या. वाजवून बघायचं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, मीटर बघितला ना.

रविवारी हॉलमध्ये मी पहिली तार छेडली आणि डॉक्टर ड्रमवरून वाकून बघायला लागला. आवाज खरोखर भरला होता. गोल, दणदणीत, कोपऱ्यातल्या रचलेल्या खुर्च्यांपर्यंत पोचणारा. आम्ही तीन गाणी वाजवली. चौथं एक जुनं विरहाचं गाणं होतं. त्याच्या अंतऱ्यात दुसऱ्या ओळीला गाणारी थांबली. आम्ही पुन्हा सुरू केलं. पुन्हा त्याच ओळीला थांबली.

"तू इथे काय वाजवतोस?" तिने विचारलं.

मी सी म्हणालो, म्हणजे त्या नावाचा कॉर्ड, तीन सुरांचा मेळ. तिने फोनवर शोधलं आणि मला दाखवलं. तिथे बी मायनर होता. मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. बी मायनरला पहिलं बोट आडवं टाकून तारा दाबाव्या लागतात, ते बोट अकरा वर्षांपूर्वी दुखायचं, म्हणून शेजारचा सोपा सी मी तात्पुरता घेतला होता. पुढे सवय झाली. डासाच्या आवाजात ते कुणाला कळलंही नाही.

तिने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे त्या ओळीला मी बेसूर नव्हते?"

तेव्हा कळलं की अकरा वर्षं त्या ओळीला आपला सूर जातो असं तिला वाटत होतं. त्यासाठी तिने चेंबूरला एका बाईंकडे दोन वर्षं शिकवणी लावली होती. तरी जमत नाही म्हणून कार्यक्रमात ती ओळ दबक्या आवाजात उरकायची. आम्हांला कधी बोलली नव्हती. मी सॉरी म्हणालो. ते भरलेल्या आवाजात आलं नाही. डॉक्टरने घसा साफ करून विचारलं, जुना आवाज परत आणता येईल का.

पुढच्या शनिवारी मी मरोळला हेच विचारायला गेलो. वेढे कमी करून द्या म्हणालो. मावशींनी कारण विचारलं. खोटं सांगितलं असतं, पण ज्या कानाशी ओरडून बोलावं लागतं त्याच्याशी खोटं बोलणं जड जातं. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आधीचं काम संपवते, तोवर ते काय अडतंय ते वाजवत बस. त्यांच्याकडे तपासायला ठेवलेला एक छोटा स्पीकर होता. मी स्टुलावर बसून बी मायनर दाबू लागलो. सुरुवातीला तर तारा नुसत्या ठक ठक वाजल्या. शेजारी पत्रा कापत होते. कुणीही माझ्याकडे बघितलं नाही.

घरी बायको असते, वरच्या मजल्यावर परीक्षेला बसणारी मुलगी असते. इथे मी तासभर एकच कॉर्ड घासला आणि कुणाची हरकत नव्हती. वेढे कमी करायचं त्या दिवशी राहून गेलं. मग मी सहा शनिवार तिथे जात राहिलो. सहाव्या शनिवारी मावशी मशीन थांबवून उठल्या, गिटारच्या लाकडावर तळवा ठेवला आणि मला वाजवायला सांगितलं. हात तसाच ठेवून म्हणाल्या, "आता सगळ्या तारांची थरथर सारखी येता." यापेक्षा मोठी पावती मला आजवर मिळालेली नाही.

रविवारी मीच ते गाणं काढायला लावलं. दुसरी ओळ आली, मी बी मायनर दाबला आणि पूर्वीपेक्षाही वाईट ऐकू आलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बोटं तपासली, बरोबर होती. मग सगळ्यांनी माझ्या शाळेच्या मित्राकडे बघितलं. त्याचं बोट सी वर होतं.

"मी तुझ्या मागून जातो रे," तो म्हणाला. "अकरा वर्षं तुझ्याच मागून जातोय."

गाणारी हसायला लागली, ती खुर्चीवर बसेपर्यंत थांबली नाही. त्याला मात्र दोन मिनिटांत जमलं. बासवर एकच तार दाबायची असते.

गेल्या महिन्यात मुलुंडला एका कार्यक्रमात तिने ती ओळ पहिल्यांदा मोकळ्या आवाजात गायली. नंतर श्रोत्यांतले एक गृहस्थ मुद्दाम स्टेजवर आले. मी गिटार पुसत होतो, ते माझ्यासमोरून तिच्याकडे गेले आणि हल्ली रियाज वाढवलेला दिसतो म्हणाले. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, हो, चेंबूरला शिकवणी लावली होती, तिचा उपयोग झाला.