बसूच्या पिशवीतली बाटली

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, मठातल्या स्वामींनाही नाही — आणि त्यांच्यापुढं तर मी दर सोमवारी हात जोडून बसते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तुम्हालाही चहा पाजला असता, चार गोड शब्द बोलले असते आणि वाटेला लावलं असतं. माझं सगळं आयुष्य तेवढ्यावर छान चाललंय.

गोष्ट वाईनची आहे. लाल वाईनची, आणि तीही स्वस्तातली. हसू आलं ना? येऊ दे. एवढ्याशात कसलं आलंय पाप, असं मलाही किती तरी वर्षं वाटायचं — म्हणजे, वाटून घ्यायचे मी.

आमचं घर लिंगायत, कोल्हापुरात भांड्यांचं दुकान. अंड्यानंसुद्धा कधी उंबरा ओलांडलेला नाही, मग दारूचं नाव कशाला. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या खोकल्याच्या औषधाचंही बूच काढून वास घ्यायच्या, त्यात 'तसलं' काही नाही ना म्हणून. मी थोरली सून, बी.ए. झालेली. ते बी.ए. मी त्या घरात दागिन्यासारखं घालून फिरायचे. धाकटी जाऊ शैला हुपरीची, चांदीचे पैंजण करणाऱ्यांच्या घरातली. ती 'हाय, न्हाय' बोलायची. मी तिच्याकडं न बघता 'आहे, नाही' बोलायचे. तिनं भाजी केली की मी एक घास खायचे, काही न बोलता मीठ मागून घ्यायचे. माणसाला खाली ढकलायला याहून जास्त काही लागत नाही. करून बघा — किंवा तुम्हीही करत असालच.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. लाल वाईन हृदयाला चांगली असते, असं तेव्हा जो तो सांगत सुटला होता. माझी कॉलेजातली मैत्रीण सुनंदा, नवरा साखर कारखान्यात मोठा अधिकारी. तिनं एका दुपारी आम्हा पाच-सहा जणींना बंगल्यावर बोलावलं आणि उंच दांड्यांचे ग्लास पुढं केले. बायका ग्लास गरागरा फिरवायला लागल्या. एक म्हणाली, लाकडाचा वास येतोय. दुसरी म्हणाली, छे, चॉकलेटचा. तिसरीनं डोळे मिटून घेतले, जशी काही समाधीच लागली. परवापर्यंत ह्याच बायका रंकाळ्यावर उभ्या राहून भेळेचा कागद चाटत होत्या. मला त्यांची अशी किळस आली म्हणून सांगू — आणि मग मी एक घोट घेतला.

आधी काहीच नाही. मग जिभेच्या कडा आवळल्या, जांभळानं आवळतात तशा. मग आंबट. मग कुठून तरी मागून गुळाच्या काकवीसारखी एक गडद गोडी आली, आणि घशाखाली उतरल्यावर छातीत ऊब पसरली. सुनंदा ओशाळून म्हणाली, "भारीतली नाही हं, साधीच आहे." मला काय करायची होती भारीतली? मला तीच हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा काही तरी फक्त मला हवं होतं — नवऱ्याला नको, मुलाला नको, घराला नको. मला.

पण मिळायची कशी? मंगळसूत्र घालून वाईन शॉपच्या काउंटरला उभी राहू? अर्धं शहर आमच्या दुकानातनं पातेली नेतं.

म्हणून बसू.

बसू म्हणजे बसवराज, शैलाचा धाकटा भाऊ. आठवड्यातनं एक-दोनदा पैंजण घेऊन हुपरीहून एसटीनं यायचा, गुजरीत सराफांना माल द्यायचा आणि जाताना बहिणीला भेटायला आमच्याकडं टेकायचा. तरुणपणी तो फार प्यायचा. गटारीच्या कडेला पडलेला लोकांनी पाहिलेला. मग एकदा मठात जाऊन शपथ घेतली आणि सोडली. खरोखर सोडली. वर्षं झाली होती, तरी आमच्याकडं त्याला चहा देताना आत्याबाई बशी जरा लांबूनच सरकवायच्या.

त्याचं लग्न जमत नव्हतं. ते मी जमवत होते. माझ्या माहेरच्या नात्यात गडहिंग्लजला एक मुलगी होती. चांगली, शांत. मी शब्द टाकला म्हणून मंडळी तयार झाली होती. बसू मला अक्का म्हणायचा, आणि त्या दिवसांत तर माझ्यासमोर खुर्चीवरसुद्धा बसायचा नाही. उपकाराखाली दबलेल्या माणसाचा काय काय उपयोग होतो, हे मला बरोबर कळत होतं.

मी त्याला सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलीय, हृदयासाठी, कुणाला कळता कामा नये. माझं हृदय ठणठणीत होतं. त्यालाही ते दुसऱ्या बाटलीपर्यंत कळलं असणार. त्यानं विचारलं नाही. येताना उचगावला उतरायचा, तिथल्या दुकानातनं घ्यायचा, वर्तमानपत्रात गुंडाळून पैंजणाच्या पिशवीत घालून आणायचा.

एकदा मात्र तो दारात घुटमळला. म्हणाला, "अक्का, त्या दुकानात शिरलं की माझं हात कापत्यात. दुसऱ्या कुणाला तर सांगा की."

मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "तुला पी म्हणतेय का मी? नुसती तर आणायची."

तो हसला. ओशाळं हसला, आणि पुढच्या खेपेला घेऊन आला. त्याचे हात मी पाहिले नाहीत. बाटली पाहिली.

आणि सुख — ते सांगायला नको का? खोटं कशाला बोलू, ते खरं होतं. दुपारी आत्याबाई झोपल्या, शैला वर शिलाई मशीनवर बसली की मी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचे. स्टीलचा पेला. वाटीत भडंग. आधी वाटायचं, स्टीलमध्ये चव बिघडत असेल. कसली बिघडते? उन्हाळ्यात मी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या मागं ठेवायचे. पहिल्या दिवशी ती जरा बोचरी लागायची, दुसऱ्या दिवशी मवाळ व्हायची. चौथ्या दिवशी तिला चिंचेच्या पाण्याची कळा यायची, तरी मी संपवायचे. लसणाचा तिखट भडंग आणि वर एक घोट — जीभ आधी पेटायची, मग त्या पेटलेल्या जागी ते तुरट गार काही तरी यायचं. सुनंदाच्या त्या ग्लास फिरवणाऱ्या बायकांना हे सात जन्मांत कळलं नसतं. तिथं बसून मी त्यांना हसायचे, आत्याबाईंना हसायचे, वर खडखडणाऱ्या शैलाच्या मशीनला हसायचे. आणि तोंडात बडीशेप टाकून बाहेर यायचे.

असं वर्षभर चाललं असेल.

मग तो दिवस. मुलीचे मामा बाजाराला कोल्हापुरात आले होते, न कळवता आमच्याकडं आले. पुढच्या सोप्यात आत्याबाईंशी बोलत बसले. सुपारी कधी फोडायची, तेच बोलणं चाललं होतं. तेवढ्यात बसू आला, त्या दिवशी गुजरीत माल द्यायच्या आधीच. मामांना बघून लाजला, पिशवी भिंतीशी ठेवून उभा राहिला. आत्याबाईंना त्या दिवशी कौतुक सुचलं. म्हणाल्या, "बघू की रं पैंजण. पावण्यास्नी दावूया, पोरीच्या पायात काय पडणार हाय ते." आणि त्यानं पुढं व्हायच्या आत त्यांनी पिशवीत हात घातला.

कागद फाटला. त्यांनी पाल लागल्यासारखा हात मागं ओढला आणि बाटली घरंगळत जाजमावर आली.

आतनं शैला चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

"ह्ये काय रं?" आत्याबाई म्हणाल्या.

बसूनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. आता सांगा, असं त्या बघण्यात नव्हतं — ते असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यात होतं, भिऊ नका. मग तो खाली बघून म्हणाला, "माझी हाय, आत्या."

इथं थांबले असते तर मी फक्त भित्री ठरले असते. भित्रेपण लोक माफ करतात. त्यानं सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं, मला फक्त गप्प बसायचं होतं. तेवढंही मी केलं नाही. एका पैंजणवाल्यानं — गटारीकडेला पडणाऱ्या माणसानं — मला, बी.ए. झालेल्या थोरल्या सुनेला सांभाळून घ्यावं? माझी कीव करावी? ते मला सोसेना.

मी म्हणाले, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आत्याबाई. मीच शब्द टाकला, माझंच चुकलं."

आवाज शांत होता माझा. मामांनी चहा घेतला नाही. बसूनं पिशवी उचलली, बाटली उचलली, चपला घातल्या आणि गेला. लग्न तिथंच मोडलं. आत्याबाईंनी सांगितलं, त्यो परत या दारात दिसाय नको. तो परत दिसला नाही.

शैलाला त्या घरात 'दारुड्याची बहीण' हे नाव पडलं. तिच्या हातनं दूध उतू गेलं तरी त्याच नावानं बोलणी बसायची. मीही बोलायचे. मी तर जरा जास्तच, कारण माझी खात्री पटायला हवी होती ना.

आणि याहूनही खालचं सांगू? बसू पुन्हा प्यायला लागावा, याची मी वाट बघत होते. हुपरीकडनं कुणी आलं की आडून आडून विचारायचे. एकदा तरी तो रस्त्यात पडलेला दिसला, असं कुणी सांगावं — म्हणजे माझं वाक्य खरं ठरलं असतं, मी सुटले असते. पण तो प्यायला नाही. लग्न मोडल्यावरही नाही, आई गेल्यावरही नाही. खाली मान घालून पैंजण जोडत राहिला. त्याचा मला राग यायचा. काही वर्षांनी स्टँडवर समोरासमोर आलो. केस पांढरे झाले होते. हात जोडून म्हणाला, "अक्का, बरं हाय न्हवं?" मी हो म्हटलं आणि लागेल त्या बसमध्ये चढले. ती गडमुडशिंगीला जाणारी होती. पुढच्या थांब्यावर उतरून मी रिक्षानं घरी आले.

लग्न त्याचं झालंच नाही.

आत्याबाई गेल्या. मुलगा पुण्यात नोकरीला लागला आणि घर बदललं. एका दिवाळीत तो वाईन घेऊन आला, उघड, सगळ्यांसमोर. माझे यजमान — जे जन्मात ताकाशिवाय काही प्याले नव्हते — ग्लास उजेडात धरून तिच्या रंगावर बोलायला लागले. मी पहिल्यांदाच चाखत असल्यासारखं तोंड वेडंवाकडं केलं. सगळे हसले. मुलानं शैलापुढंही ग्लास ठेवला. "काकी, एक घोट. औषध समज."

तिनं ग्लास हळूच बाजूला सारला. म्हणाली, "नको रं बाळा. आमच्या बसूनं त्या पायी सोन्यासारखा संसार घालवला. मला त्येचा वाससुदीक सोसत न्हाय."

तेव्हा मला कळलं. त्यानं सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं ती भावालाच दोष देत आली होती.

सगळे होते. मुलगा होता, नवरा होता, शैला माझ्या शेजारीच बसली होती. मी तिचा ग्लास उचलला, माझ्या ग्लासात ओतून घेतला आणि सावकाश प्याले. वाईन चांगली होती.