तांबड्या फेट्याची वाकळ

बारशाच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या घरात भलतंच घडलं... तासगावजवळचं माझं माहेर, चाळीसच्या दशकातली लढाईची वर्षं. (मी सांगतेय, नातसून टाइप करतेय. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या!)

आमचे हे पलटणीत, परमुलखात. मुलगा झाल्याचं त्यांना कळलं की नाही, तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. कापड कंट्रोलवर होतं, रेशनिंगवरच मिळायचं, तरी वडिलांनी खटपट करून बाळाच्या वाकळेसाठी माधवनगरहून जाडंभरडं पांढरं मांजरपाट आणलं.

वाकळ म्हणजे आपली गोधडी. आत जुनी लुगडी घालतात, पण वाकळ शिवणाऱ्या आईपाशी मी हट्टच धरला... यांचा लग्नातला तांबडा फेटाही आत घाल. लेकरानं बापाला पाहिलं नाही, निदान त्याच्या उबेत तरी निजेल.

एरवी आई प्रत्येक कापड मिठाच्या पाण्यात भिजवून, वाळवून मगच सुई हातात घ्यायची. कोरं मांजरपाट चांगलं वीतभर आटतं आणि फेट्याचा रंग तर कच्चाच. पण बारशासाठी आधीच येऊन राहिलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, "बाळंतविड्याला कोरंच लागतंय. पाण्यात बुडवलं की जुनं झालं!" मुलीची आई काय बोलणार... तिनं तसंच शिवलं.

बारसं झालं, वाकळेचं कौतुकही झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी बाळाला उचललं आणि किंचाळल्याच, "आगं बया, रगात! लेकराची पाठ बघ!" अख्खी गल्ली गोळा झाली. मला तो अपशकुनच वाटला. तिकडं लढाईत यांचंच काहीतरी बरंवाईट झालं, असंच मनात आलं...

बाळ मात्र निवांत मूठ चोखत होतं. आईनं ओली वाकळ उलटसुलट करून पाहिली. "आवं इनबाई, रगात न्हाई. नातवानं मुतलंय, आन् जावयाचा फेटा रंग सोडतोय!"

सगळे पोट धरून हसले. मला मात्र रडूच फुटलं. वाकळ धुवायला तर हवीच, आणि धुतली की फेट्याचा रंग जाणार... यांचं दुसरं काय होतं माझ्यापाशी?

सासूबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. रंग धरून राहावा म्हणून तुरटीच्या पाण्यात स्वतः वाकळ बुडवली, हलक्या हातानं खळबळली. वाळली तेव्हा मांजरपाट आटून तिला सुरकुत्याच सुरकुत्या पडल्या होत्या, आणि पांढरं कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबी झालं होतं.

त्या बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिल्या. मग मला जवळ ओढून म्हणाल्या, "रडतीस कशाला? रंग गेला कुठं? माझा ल्योक सगळीकडं पसरलाय बघ."

हे पुढं सुखरूप परत आले. संसार झाला, छान झाला. पण ते येतील की नाही हे ठाऊक नसताना त्या माउलीनं स्वतःची काळजी गिळून मला धीर दिला... तोवर मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्या दिवसापासून आई म्हणायला लागले.