या कागदावर पट्टी लावू नये

सकाळचे साडेसात वाजले होते. पहिला चहा झाला होता, दुसरा व्हायचा होता, आणि जेवणाच्या टेबलावर जेवणाचं म्हणून काहीही नव्हतं. एका टोकाला जुन्या वर्तमानपत्रावर चार पिस्टन ओळीने उभे होते. मध्यभागी ड्रॉइंग बोर्ड, त्यावर टाचणीने खिळवलेला पुठ्ठ्याचा कनेक्टिंग रॉड. उरलेल्या वीतभर जागेत सासूबाईंची कपबशी. ती जागा त्यांनी भांडून मिळवली होती आणि रोज सकाळी लवकर येऊन त्या ती राखत होत्या.

"हा कारखाना आज तरी उठणार का?" त्यांनी विचारलं.

"आज शेवटचा दिवस, आई. संध्याकाळी क्रँकवाले क्रँक घेऊन गेले की टेबल तुमचं."

"हे तू मागच्या महिन्यातही म्हणाली होतीस. तेव्हा पिस्टन नव्हते इथे."

ती हसली, पण मान वर केली नाही. पेन कागदावर टेकलेलं असताना मान वर करायची नाही, ही एकतीस वर्षांची सवय. इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ती ट्रेसर होती. इंजिनिअर पेन्सिलीने नकाशे काढायचे, आणि ती त्यावर पारदर्शक कागद अंथरून शाईने पक्के करायची. तिचं अक्षर इतकं एकसारखं होतं की ऑफिसात तिचं नाव पडलं होतं 'छापखाना'. नवा इंजिनिअर आला की जुने त्याला सांगायचे, छापखान्यात टाकून ये, चूक असली तरी देखणी होऊन येईल.

दार वाजलं.

नवरा मागच्या शेडमधून हात पुसत आला आणि त्याने दार उघडलं. बाहेर क्रँकवाले उभे होते. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, क्रँक घासायच्या मशीनपुढे तीस वर्षं वाकून उभे राहिल्यामुळे आताही थोडे वाकलेले.

"संध्याकाळी येणार होतात ना?" नवऱ्याने विचारलं.

"संध्याकाळपर्यंत धीर नाही, दादा. मला माझी शेड रिकामी करायला सांगितलीय. उद्या दुपारी माझं मशीन उचलणार. नव्या जागी नेऊन, बसवून, पातळीत आणून पुन्हा सुरू करायचं म्हणजे दोन-तीन महिने गेलेच समजा. तुमचं काम आज घेतलं तर उद्या सकाळी देऊन मोकळा होईन."

"मग घेऊनच जा. तयारच आहे." नवऱ्याने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तेलाने माखलेल्या फडक्यात गुंडाळलेला क्रँकशाफ्ट तिथे दोन उशांवर निजवला होता. त्यातली एक उशी सासूबाईंची.

"कागदाचं काय?"

"पाच मिनिटं," ती म्हणाली. "बसा भाऊ, चहा घेऊनच जा."

हा सगळा खटाटोप एका चढासाठी चालला होता. सासऱ्यांची जुनी गाडी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली बावीस वर्षं उभी होती. देखणी गाडी, पण दम नाही. गावाबाहेरच्या टेकडीवर सासूबाईंच्या बहिणीचं घर आहे. चढ सुरू होतो तिथे एक मोरी लागते. त्या मोरीशी आलं की सासरे गाडी थांबवायचे आणि बायकोला म्हणायचे, "उतर जरा, गाडीला श्वास घेऊ दे." मग सासूबाई हातात पिशवी घेऊन चढ चालायच्या आणि गाडी त्यांच्या पुढे धापा टाकत जायची. पोरं मागच्या काचेतून त्यांच्याकडे बघत असायची. त्या पोरांतलं थोरलं म्हणजे तिचा नवरा.

"मी काय तिच्या छातीवर बसले होते?" सासूबाई अजूनही विचारतात.

नवरा बस डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने ताडपत्री काढली. पत्रा झाला, रंग झाला, सीट झाल्या. इंजिनाशी येऊन मात्र तो अडला. आहे तसं दुरुस्त केलं तर गाडी आहे तशीच, म्हणजे पुन्हा मोरीशी थांबणार. दुसरं मोठं इंजिन बसवणं त्याच्या मनाला पटेना. मग ती बाबांची गाडी कसली. तेव्हा त्याने ठरवलं, इंजिन तेच ठेवायचं, पण आतून पिस्टनची धाव वाढवायची.

यातली गंमत तिला पहिल्याच दिवशी कळली. क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा दांडा. त्याच्या ज्या गोल मानेला कनेक्टिंग रॉड धरून असतो, ती मान पन्नास मिलिमीटर जाड. ती सरसकट न घासता एका बाजूने जास्त घासून पंचेचाळीसची केली, तर तिचा मध्य अडीच मिलिमीटर बाहेर सरकतो. मध्य बाहेर गेला की पिस्टन वर अडीच आणि खाली अडीच जास्त जातो. म्हणजे पंचाहत्तरची धाव ऐंशी होते. रॉड दुसऱ्या एका गाडीचे, पंचेचाळीसच्या मानेवर बसणारे. पिस्टन तिसऱ्या गाडीचे, जरा बुटके, म्हणजे वर डोकं काढणार नाहीत. बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, अडुसष्टचं सत्तर. सगळं जमलं तर एक हजार एकोणनव्वद सीसीचं इंजिन बाराशे एकतीसचं होत होतं.

"म्हणजे वाढलं किती?" सासूबाईंनी विचारलं होतं.

"एकशे बेचाळीस मिलिलिटर, आई."

"वाटीत सांग."

तिने वाटीत पाणी मोजून दाखवलं. एक वाटी, तीही काठोकाठ नाही. सासूबाईंनी वाटीकडे पाहिलं, मग लेकाकडे पाहिलं. "एवढ्या वाटीभरासाठी मी चाळीस वर्षं चढ चालले होय?"

हिशेब तिचा आणि हात त्याचे, अशी वाटणी आपोआप झाली. त्याला कागदाचा कंटाळा. डेपोत तो नट हाताने फिरवून किती सैल आहे ते सांगायचा. ती म्हणायची, हाताला कळतं ते कागदावर दाखवा. चार महिने रोज दुपारी ती पुठ्ठ्याचा रॉड टाचणीभोवती अंशाअंशाने फिरवत होती. धोका एकाच ठिकाणी होता. या इंजिनात झडपा उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या शेजारीच, ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडाच्या, पोटात फिरतो. धाव वाढली की रॉडच्या बोल्टचं डोकं कॅमच्या आणखी जवळून जाणार. तिथे आदळलं तर कॅम मोडेल, ब्लॉकला भेग जाईल आणि सगळं भंगारात. तिच्या नकाशात तिथे दीड मिलिमीटर मोकळे राहत होते. तेल तापलं, रॉड किंचित ताणला, तरी दीड पुरे.

क्रँक आणि कॅम यांच्या मध्यांतलं अंतर तिने एकशे बारा धरलं होतं. यावरून दोघांची एकदा जुंपली होती. नवऱ्याने शेडमध्ये जाऊन आपल्या जुन्या व्हर्नियरने मोजलं आणि येऊन सांगितलं, "एकशे अकरा भरतंय. त्याहूनही जरा कमीच."

"तुमचं व्हर्नियर आपल्या लग्नाच्या आधीचं आहे," ती म्हणाली होती. "तिरकं धरलं असेल. नकाशात एकशे बारा आहे."

"नकाशा कुणी काढला?"

"मीच."



आणि ते खरंच होतं. हे इंजिन तिच्याच कारखान्यात बनायचं आणि ब्लॉकचा मूळ नकाशा झिजल्यावर तो तिनेच पुन्हा शाईने पक्का केला होता. ड्रॉइंग ऑफिस बंद झालं तेव्हा जुन्या छापील प्रती फेकून देत होते, त्यातली ही एक तिने घरी आणली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. कागद मोठा, जाड आणि स्वच्छ, म्हणून तो स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या फळीवर अंथरला गेला आणि बारा वर्षं तिथेच राहिला. मार्चमध्ये कुकर उचलून तिने तो बाहेर काढला, तेव्हा नवरा म्हणाला, "कुकरखाली माझं इंजिन होतं आणि मी जगभर शोधत होतो."

आता फक्त क्रँकवाल्यांसाठी एक कागद पक्का करायचा उरला होता. आकृती कालच झाली होती. मापं लिहून झाली. मान पंचेचाळीस, मध्य अडीचने बाहेर, कडेची गोलाई न सोडता. क्रँकवाले चहा फुंकत तिच्या अक्षराकडे बघत होते.

"वहिनी, असा कागद मला कुणी देत नाही. लोक सिगारेटच्या पाकिटावर लिहून आणतात."

"आणि तुम्ही घासता?"

"दोनदा विचारून घासतो. एकदा धातू गेला की गेला. वर भरून घेता येतो म्हणा, पण ते ठिगळच. आणि हा क्रँक दुसरा कुठे मिळायचा नाही."

तिने कागदाच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखली. तारीख घातली. खाली, हाताच्या सवयीने, प्रत्येक नकाशावर लिहायची ती ओळ लिहायला सुरुवात केली. हजारो वेळा लिहिलेली ओळ. या कागदावर पट्टी लावून माप घेऊ नये.

'पट्टी' या शब्दापाशी तिचा हात थांबला.

ती उठली. फळीवरचा तो जुना नकाशा कपाटामागे गुंडाळून ठेवला होता, तो काढून तिने बोर्डवर पसरला. पिस्टन सरकवावे लागले. क्रँक आणि कॅमच्या मध्ये जिथे आकडा असायला हवा तिथे एक तपकिरी वर्तुळ होतं, कुकरच्या बुडाचं. आकडा त्या वर्तुळाखाली पुसला गेला होता. नकाशा अर्ध्या मापात होता. मार्चमध्ये तिने तिथे पट्टी लावली होती, छप्पन्न भरले होते, दुप्पट करून एकशे बारा लिहिले होते. आणि कोपऱ्यात, तिच्याच अक्षरात, तीच ओळ होती. तिने ती तेव्हाही पाहिली होती. स्वतःचं अक्षर माणूस वाचत नाही.

ती ओळ का लिहितात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? कागद दमट झाला की पसरतो आणि वाळल्यावर पुन्हा मूळ मापावर येत नाही. बारा वर्षं त्यावर ओली भांडी पालथी घातली होती.

ब्लॉकची लांबी नकाशावर शाबूत होती. चारशे वीस. अर्ध्या मापात दोनशे दहा भरायला हवी. तिने पट्टी लावली. दोनशे बारा.

पुन्हा लावली. दोनशे बारा.

मग तिने कडेला छोटा हिशेब केला. शंभरामागे जवळजवळ एक जास्त. म्हणजे एकशे बाराचे खरे एकशे अकरा, त्याहून जरा कमीच. दीडातला एक गेला, उरला अर्धा. इंजिन तापल्यावर अर्धासुद्धा उरेल की नाही, कोण सांगणार?

"झालं का?" नवऱ्याने विचारलं. क्रँक उचलायला तो वाकलासुद्धा होता.

"थांबा, उचलू नका." ती पेनाला टोपण लावत म्हणाली. "तुमचं एकशे अकरा बरोबर होतं. माझं चुकलं."

क्रँकवाल्यांनी कप खाली ठेवला. तिने सगळं सांगितलं: कुकर, वर्तुळ, पट्टी, ओली भांडी. लपवावं असं काही वाटलंच नाही तिला. नकाशात खोडलेलं खोडलेलंच दिसू द्यायचं असतं.

नवऱ्याने त्या तपकिरी वर्तुळावरून बोट फिरवलं. तिला वाटलं, आता व्हर्नियर काढील, लग्न काढील. चार महिन्यांचं सगळं बाहेर येईल.

"बारा वर्षं कुकर मीच ठेवत होतो तिथे," तो म्हणाला. "भांडी लावायचं काम माझं होतं."

"आणि ओलीच लावायचास," सासूबाई म्हणाल्या. "शंभरदा सांगितलं होतं, पुसून लाव."

क्रँकवाले हसले, मग कागदाकडे वळले. "वहिनी, अडीचऐवजी दोननेच सरकवू का? धाव चारने वाढेल. नाहीतर बोल्टचं डोकं जरा तासता येईल. पण आधी खरं माप पाहिजे. अंदाजाने मी हात लावणार नाही."

"चारने वाढली तर वाटी किती भरते?" सासूबाईंनी विचारलं.

तिने मनात गुणाकार केला. "पंधरा मिलिलिटर कमी. तीन चहाचे चमचे."

"तेवढ्यासाठी मी पुन्हा उतरून चालेन. सवय आहे." सासूबाईंनी हे लेकाकडे न बघता म्हटलं.

"उतरायचं नाही, आई." नवऱ्याचा आवाज जरा चढला, मग लगेच खाली आला. "त्या चढावर या गाडीतून कुणी उतरायचं नाही."

क्रँकवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "उद्या सकाळी सातला क्रँक आणि माप माझ्या हातात आलं तर दुपारच्या आत घासून देतो. त्यापुढे माझ्या हातात नाही."

ते गेले. क्रँक उशांवरच राहिला. सासूबाईंनी न सांगता आपली कपबशी उचलली आणि मांडीवर घेतली.

नवरा चपला शोधू लागला. "मी डेपोतून चांगलं व्हर्नियर मागून आणतो. कॅमचं भोक, क्रँकचं भोक, दोन्हीच्या कडा मोजतो, तीन-तीन वेळा. दुपारपर्यंत सगळे आकडे तुला आणून देतो."

आकडे आणून देतो. एकतीस वर्षं कुणी ना कुणी तिला आकडे आणून देत होतं. खालच्या शेडमध्ये ब्लॉक ओतले जायचे, कोरले जायचे, मोजले जायचे, आणि आकडे जिना चढून वर तिच्या टेबलावर यायचे. एकदा तिने मुख्य ड्राफ्ट्समनना विचारलं होतं, खाली जाऊन एक ब्लॉक बघून येऊ का? ते म्हणाले होते, हात काळे होतील, शाईचं काम आहे तुझं. त्यात त्यांचं वाईट काही नव्हतं. तिनेही पुन्हा विचारलं नाही. हजारभर ब्लॉक तिने काढले असतील, एकाही भोकात तिचं बोट गेलं नव्हतं.

तिने जुना नकाशा गुंडाळला, पिस्टन खाली फरशीवर ठेवले, बोर्ड भिंतीला टेकवला. टेबल चार महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण मोकळं झालं.

"अहो, व्हर्नियर आणा," ती म्हणाली. "पण ब्लॉक इथे आणून ठेवा, या टेबलावर. मला तो माझ्या हाताने मोजायचाय."