लंकाबाईंसमोर घ्यायची गोळी

आमच्या आणि सहादू गतीरांच्या घराची भिंत एकच होती. सिडकोच्या त्या घरांत शेजारी कुणी ठसकलं तरी ऐकू यायचं. त्यामुळे त्यांच्या घरातलं बरंचसं मला न विचारताच कळलं, काही त्यांच्या बायकोनं, लंकाबाईंनी सांगितलं, आणि थोडं, फार उशिरा, स्वतः सहादूभाऊंनी.

ते घोटीजवळच्या एका खेड्यातले. चार भावांत भाताची शेती पुरेना म्हणून पंचाहत्तर साली नाशिकला आले आणि अंबडच्या एका कारखान्यात लेथवर लागले. हात फार चांगला. कठीण जॉब आला की फोरमन त्यांनाच हाक मारायचा. पण दारूही तेव्हापासूनच. आधी पगाराच्या दिवशी, मग शनिवारी, मग रोज. एक्क्याऐंशी साली ते सकाळच्याच पाळीला पिऊन गेले. जॉब पकडणाऱ्या चकमध्ये ती आवळायची चावी तशीच राहिली, मशीन सुरू झालं आणि ती चावी उडून बारकू नावाच्या जोडीदाराच्या कानाजवळून गेली. बोटभर अलीकडे असती तर बारकू जागेवर गेला असता.

युनियननं मध्ये पडून नोकरी वाचवली, पण एका अटीवर. उपचार घ्यायचे आणि दर महिन्याला डॉक्टरांची चिठ्ठी आणून द्यायची.

डॉक्टर कुलथ्यांचा दवाखाना मेनरोडच्या मागच्या गल्लीत होता. त्यांनी नवराबायको दोघांना समोर बसवून नीट समजावलं. ही गोळी तलफ घालवत नाही, म्हणाले, तलफ येणारच. पण गोळी पोटात असताना दारू घेतली तर तोंड लालबुंद होईल, छाती धडधडेल, ओकाऱ्या होतील, जिवावरही बेतू शकेल. रोज सकाळी एक, बायकोच्या समोर. चोरून द्यायची नाही आणि चोरून टाळायची नाही.

पहिल्या महिन्यातच लंकाबाईंना दाढीच्या डब्यात तीन गोळ्या सापडल्या. तेव्हापासून त्या गोळी चमच्यात चुरून पाण्यातून द्यायला लागल्या. तरी पाणी गालात धरून मोरीत थुंकतील, ही शंका राहिलीच. म्हणून प्यायल्यावर बोलायला लावायच्या. सहादूभाऊ रोज तेच म्हणायचे. इगतपुरी, घोटी, पाडळी, अस्वली, लहवित, देवळाली, नाशिकरोड. गाडीत बसल्यासारखी स्टेशनं ओळीनं आमच्या भिंतीतून ऐकू यायची. मला हसू यायचं. पुढे यायचं बंद झालं, कारण त्या आवाजात रोज थोडा राग वाढत होता.

दारू सुटली होती. दीड वर्ष थेंब नाही. पण घरात बरं काही दिसेना. ते कामावरून आले की लंकाबाई दारातच शर्ट मागून घ्यायच्या आणि हुंगायच्या. पाच मिनिटं उशीर झाला की नाक्यापर्यंत जाऊन यायच्या. कारखान्यात बारकू चारचौघांत म्हणायचा, याची चावी आधी तपासा. आणि सहादूभाऊंना वाटायला लागलं की आपल्याभोवतीची सगळी माणसं आपण पडायचीच वाट बघताहेत. एकदा भांडणात लंकाबाई बोलून गेल्या, एक दिवस चहात दोन चमचे दारू घालून बघते, गोळी खरंच पोटात जाते का ते कळेल. रागातलं बोलणं ते. पण ते त्यांच्या डोक्यात रुतून बसलं.

त्र्याऐंशीच्या मार्चमधला रविवार. सकाळी नवाच्या सुमारास शेजारी तांब्या पडल्याचा आवाज झाला. मी धावत गेले. सहादूभाऊ मोरीच्या उंबऱ्याला धरून बसले होते. चेहरा, मान, कान, सगळं लालभडक. मोठमोठ्यानं धापा टाकत होते, मधूनच ओकत होते. लंकाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या घाबरल्या नव्हत्या, संतापल्या होत्या.

"बाई, या माणसानं घेतली," त्या मला म्हणाल्या. "माणूस खोटं बोलंल. गोळी नाय बोलणार."

सहादूभाऊंनी नाही म्हणून मान हलवली. बोलायला श्वास नव्हता. माझ्या यजमानांनी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना आणलं, त्यांनी इंजेक्शन दिलं, पाय उंच करून निजवलं. दुपारपर्यंत उतार पडला.

संध्याकाळी सहादूभाऊ आमच्या ओट्यावर येऊन बसले. हळू आवाजात म्हणाले, "हिनंच चहात घातली. माझी परीक्षा बघती ही." चहा प्यायल्यावर दहाव्या मिनिटाला सुरू झालं, असं त्यांचं म्हणणं. पुढचे दोन दिवस ते घरचं पाणीही प्यायले नाहीत. सकाळची गोळी मात्र घेतली, पण माझ्या घरातल्या पाण्याबरोबर, आणि लंकाबाई आमच्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

दोघांनीही आपापलं मला सांगितलं. मी लंकाबाईंवर विश्वास ठेवला. लाल चेहरा मी डोळ्यांनी बघितला होता, आणि प्यायची सवय असलेल्या माणसाच्या शब्दाला माझ्या लेखी तेव्हा फारशी किंमत नव्हती.

बुधवारी चिठ्ठीचा दिवस होता. चिठ्ठी मिळाली नाही तर नोकरी जाणार हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी डॉक्टर कुलथ्यांना सगळं सांगायचंच असं लंकाबाईंनी ठरवलं होतं. तक्रार सहादूभाऊंनाही करायची होती. एकाच बसनं गेले, वेगवेगळ्या बाकांवर बसून. सहादूभाऊंच्या पिशवीत रविवारी पोटात गेलेलं सगळं होतं. चहाची पूड, साखर, गोळ्यांची बाटली, आणि आणलंच आहे तर असू द्यावं म्हणून त्यांच्या बहिणीनं दिलेल्या औषधाची बाटलीही. ही बहीण, चंद्रभागाआक्का, आदल्या शनिवारी येऊन गेली होती. भाऊ वाळला, जेवत नाही, म्हणून तिनं रविवार कारंजावरच्या दुकानातून द्राक्षासव आणून दिलं होतं.

डॉक्टरांनी चहाची पूड हुंगून बाजूला ठेवली. मग दुसरी बाटली उघडली, नाकाशी नेली आणि किती घेतलं म्हणून विचारलं.

"आक्कानं दोन चमचे सांगितलं होतं," सहादूभाऊ म्हणाले. "रविवारी अर्धी वाटी घेतलं. चहाच्या आधी."

"आसव आंबवूनच करतात. त्यात थोडी दारू असतेच," डॉक्टर म्हणाले. "आसवं, खोकल्याची औषधं टाळा, हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. नोकरी राहिली. मला वाटलं, आता दोघांची मनं साफ होतील. तसं झालं नाही. घरी आल्यावर लंकाबाईंनी एकच विचारलं, दोन चमचे सांगितले होते तर अर्धी वाटी का? सहादूभाऊ म्हणाले, गोड लागलं म्हणून. त्यांना ते पटलं नाही. बहिणीला कळलं तेव्हा तिला वाटलं, भावाला दारू पाजल्याचा आळ आपल्यावर घेतला. ती वर्षभर आली नाही.

बऱ्याच वर्षांनी सहादूभाऊंनी मला सांगितलं, "पहिल्याच चमच्याला जिभेनं ओळखलं असंल का, ते मला आजही कळत नाय. मन म्हणत होतं औषध हाय. हात मात्र वाटी भरत होता." स्वतःवरचा त्यांचा संशय लंकाबाईंच्या संशयापेक्षा मोठा होता, हे मला तेव्हा समजलं.

साडेपाच वर्षं ते गोळी घेत राहिले. गोळीचा अपाय होत नाही ना हे बघायला डॉक्टर अधूनमधून रक्त तपासायचे. शहाऐंशीच्या शेवटी डॉक्टर म्हणाले, आता थांबवून बघू. लंकाबाईंना ते मुळीच आवडलं नाही, पण गोळी थांबली. मग नुसतं शर्ट हुंगणं उरलं.

पुढच्या वर्षी घोटीला त्यांचे चुलते वारले. सहादूभाऊ एकटेच गेले होते, दोन दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.नं परत आले. मी ओट्यावर भाजी निवडत होते. आंघोळ केलेली, धुतलेले कपडे, तोंडात पान. कुणाला काही कळलं नसतं. लंकाबाई दारात आल्या, शर्टासाठी हात पुढे केला. सहादूभाऊंनी शर्ट काढला नाही.

"काल घेतली," ते म्हणाले. "अर्धा ग्लास. मग ओतून दिली."

मी भाजीवरून मान वर केली नाही. आता आरडाओरडा होणार असं धरूनच बसले होते. लंकाबाईंनी शर्टासाठी पुढे केलेला हात खाली घेतला. मग, आधी चार घास खाऊन घ्या, डॉक्टरांकडं जाऊ, म्हणाल्या, आणि आत वळल्या.

दारू अंगातून पुरती जावी म्हणून डॉक्टरांनी दोन दिवस थांबून गोळी पुन्हा सुरू केली. या वेळी चुरून नाही, आख्खी, आणि सहादूभाऊ ती स्वतः बाटलीतून काढून घ्यायचे. एकोणनव्वद साली आम्ही पंचवटीला राहायला गेलो तेव्हाही ती चालूच होती आणि दारू बंद होती.

सहादूभाऊ घोटीहून परत आले त्याच दिवशी संध्याकाळी मी लंकाबाईंना विचारलंच, अर्धाच ग्लास, हे तुम्हाला पटतं का?

"बाई, सहा वर्षं हुंगून मला काय कळलं?" त्या म्हणाल्या. "आज यांनी सांगितलं, तेवढं कळलं."

खरं सांगायचं तर माझा त्या अर्ध्या ग्लासावर विश्वास बसला नव्हता. पण मला कुणी विचारलं नव्हतं.