हलकी बंदूक कुणासाठी?

आपण अशक्त झालोय, हे ग्लेनिस प्रॉबर्टला चहाच्या टपरीवर कळलं.

"काय गं, हलकी बंदूक घेताय म्हणे तुझ्यासाठी?" नेमबाजीच्या क्लबातल्या इदवालने तोंडात बेकनच्या पावाचा तोबरा असतानाच विचारलं. "मर्फिन सांगत होता. खांदा धरतो म्हणाला तुझा. चालायचंच, वय कुणाला चुकलंय!"

रविवारची सकाळ होती. दगडाच्या जुन्या खाणीत क्लबची नेमबाजी रंगात आली होती. वरच्या कड्यावरून मातीच्या तबकड्या हवेत सुटत होत्या आणि खाली कुणीतरी तबकडी सोडायला 'पुल!' म्हणून ओरडत होतं. त्या सकाळी सगळ्यात जास्त तबकड्या ग्लेनिसनेच फोडल्या होत्या. आणि म्हणे खांदा! ही बाई आठवडाभर डोंगरातल्या चिंचोळ्या रस्त्यांवरून शाळेची बस हाकते, घरी आली की अडलेल्या मेंढीला एकटी उताणी पाडून कोकरू ओढून काढते. तिचा खांदा धरला असता तर अख्ख्या खोऱ्याची पोरं घरी बसली असती.

तिने इदवालकडे पाठ फिरवली. चहाचा कप तसाच ठेवला आणि आपला नवरा मर्फिन कुठे दिसतो ते बघायला निघाली.

तसं तिला हे नवीन नव्हतं. मर्फिनची ही सवय लग्नापासूनची. लग्नानंतर दोघं बोटीने आयर्लंडला गेले तेव्हा हा पठ्ठ्या सगळा प्रवासभर रेलिंगला लटकून ओकत होता, आणि ही आत बसून तळलेली अंडी खात होती. घरी आल्यावर त्याने सासरी-माहेरी सांगितलं काय, तर "ग्लेनिसला बोट लागते." चर्चच्या गायनमंडळात त्याचं भांडण झालं, तर "ग्लेनिसचा घसा बसलाय, आम्ही आता येत नाही." हेही चाललं. पण खोऱ्याच्या वरच्या अंगाचं मोठं शेत विकायला निघालं होतं, ते तिला हवं होतं. जीव टाकला होता तिने त्या शेतावर. कर्जाच्या नावाने मर्फिनने अंग काढून घेतलं, आणि गावात बातमी फिरली की ग्लेनिसला एवढ्या आडबाजूला राहवणार नाही. लोक तिची समजूत घालायला आले. तेव्हाही ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्याचा तिला अजूनही राग येतो.

बंदुकीच्या बाबतीत मात्र तिच्याबद्दल असं बोलायची कुणाची टाप नव्हती. क्लबात नवरा-बायकोच्या जोडीचा एक चषक असतो आणि नियम जुना आहे: जोडीने एकच बंदूक वापरायची. प्रॉबर्टांची दोन नळ्यांची जड बंदूक आधी तो चालवायचा, मग ती. खोऱ्यात बाईमाणसाने बंदूक घेतली की हलकीच घ्यायची, असा सगळ्यांचा समज. ग्लेनिसने तो कधीच मोडीत काढला होता. त्या धुडाने तिला कधी दगा दिला नव्हता.

परतताना गाडी तीच चालवत होती.

"मर्फिन, माझा खांदा कधीपासून दुखतोय रे?"

"अगं, आज ना उद्या दुखणारच. केवढं वजन आहे त्या बंदुकीला!"

"त्याच वजनाने आज तुझ्यापेक्षा जास्त फोडल्या मी."

"तेच म्हणतोय ना. हलकी असती तर अजून फोडल्या असत्यास."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? काडतूस तेच असलं की हलकी बंदूक खांद्याला जास्त लाथ मारते. खांदा दुखणाऱ्या बाईला हलकी बंदूक? कुणाला शेंड्या लावतोस?"

"बेडोजच्या दुकानात जाऊन बघायला काय जातंय? जुनी देऊन टाकू. तो तिचे चांगले पैसे देईल."

जुनी देऊन टाकू! म्हणजे खांदाही तिचा दुखायचा आणि बंदूकही तिचीच जायची. ग्लेनिसने गिअर असा टाकला की गाडीने आचका दिला.

तरी ती शनिवारी गेली. का गेली, तर याचा डाव नेमका काय आहे ते तिला बघायचं होतं.

बेडोज म्हातारा खोऱ्यात सगळ्यांना अंगाच्या मापाने बंदुका बसवून देणारा माणूस. दुकानात आणखी दोघं गिऱ्हाइकं काडतुसं चाळत उभी होती. मर्फिनने जड बंदूक पिशवीतून काढून टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हिच्यासाठी एखादी हलकी दाखवा. ही आता झेपत नाही हिला."

बेडोजने एक सुबक बंदूक काढली. ग्लेनिसने ती खांद्याला लावून फिरवली. नळी भर्रकन पुढे गेली आणि मध्येच थबकली. "खेळणं आहे हे," ती म्हणाली.

"बघू जरा," म्हणत मर्फिनने ती तिच्या हातातून घेतली.

लोण्यातून सुरी जावी तशी बंदूक त्याच्या गालाला जाऊन टेकली. त्याने खाली घेतली, पुन्हा लावली. पुन्हा खाली, पुन्हा वर. त्याचा चेहरा उजळला होता, आणि तसा तो ग्लेनिसने हिवाळ्यापासून पाहिला नव्हता. हिवाळ्यात मेंढ्याने त्याचा खांदा फाटकावर दाबला होता. 'काही झालं नाही' म्हणून तो उठला होता, डॉक्टरकडे गेला नव्हता. त्यानंतर क्लबात पहिल्या काही तबकड्या बऱ्या जायच्या, मग नळी खाली झुकायची, आणि हा कुंपणावर बसून बुटाची नाडी आवळत राहायचा. ग्लेनिसने ते पाहिलं नव्हतं असं नाही. पण त्याचा अर्थ आत्ता लागला.

क्षणभर तिला त्याची कीव आली. लगेच संताप आला, कारण कीव करायचीसुद्धा सोय त्याने ठेवली नव्हती.

बेडोज मापाची बंदूक घेऊन आला, जिचा दस्ता माणसाप्रमाणे मागेपुढे सरकवता येतो. "या मिसेस प्रॉबर्ट, हात वर करा."

"माझं माप नको," ती म्हणाली. "त्याचं घ्या."

"ग्लेनिस, उगाच तमाशा करू नकोस."

"त्याचं घ्या, मिस्टर बेडोज. बंदूक त्याला हवी आहे."

काडतुसं चाळणारे दोघं चाळायचे थांबले. मर्फिन हसला, नेहमीचं लोकांसाठी ठेवलेलं हसू. "बायकोचा हट्ट हो. घ्या माझं माप, तेवढंच हिचं समाधान."

पुन्हा तेच! म्हणजे याच्या खांद्याचं मापसुद्धा हिच्या हट्टापायी! ग्लेनिसने टेबलावरची जड बंदूक, काडतूस नाही ना ते बघून, उचलली आणि त्याच्यासमोर धरली. तिचा हात हलला नाही.

"ही घे. गालाला लाव आणि धरून ठेव. धरलीस तर गावभर मी स्वतः सांगेन, की माझाच खांदा गेलाय."

त्याने बंदुकीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"मग तोंडाने बोल. आजवर माझ्या नावावर पुष्कळ पावत्या फाडल्यास. बोट लागते मला, घसा बसतो माझा, आडबाजूला राहवत नाही मला! ही एक पावती स्वतःच्या नावाने फाड."

"घरी जाऊन बोलू."

"घरी नाही. जिथे माझं नाव घेतलंस, तिथेच."

"चषकाचं काय मग? एकच बंदूक लागते."

"चषक गेला खड्ड्यात."

बेडोज मापाची बंदूक हातात घेऊन खिडकीबाहेर बघत राहिला. बिचारा जाणार कुठे, दुकान त्याचंच. मर्फिनच्या मानेपर्यंत लाली चढली. ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"ऐकू आलं नाही," ग्लेनिस म्हणाली.

"मला जड होते," तो म्हणाला. दुकानातल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"झालं! एवढं बोललास म्हणून मेलास का?"

"हो," मर्फिन म्हणाला.

तो थट्टा करत नव्हता. त्याने माप द्यायला कोट काढायला घेतला, उजवी बाही खांद्यावरून उतरेना, आणि ग्लेनिस जागची हलली नाही म्हणून बाही बेडोजने ओढून काढली.