गेल्तो

“काल कुठं होतास?” सरांनी विचारलं.

“नळदुर्गला गेल्तो, सर. मामाकडं.”

अख्खा वर्ग खिदळला. धाराशिवची शाळा, नववी, मराठीचा तास. फळ्यावर लिहिलेलं, देव + आलय = देवालय. सर म्हणाले, “गेल्तो? ही कुठली संधी? चढ बाकावर. दहा वेळा म्हण, गेलो होतो.”

सातव्यांदा म्हणत होतो, तेवढ्यात दारात आई. माझा डबा घेऊन आमच्या गावाहून, तेरहून, मागच्या यष्टीनं आलेली. पायाला रानातली माती तशीच.

“सर, पोरगं डबा इसरलंतं. म्हून आल्ते.”

सर वर्गाकडं वळले. “ऐका! खाण तशी माती.”

पोरं पोट धरून हसली. आणि मी? मीबी हसलो. बाकावरून, आईकडं बघून. त्यांच्यातला वाटावं म्हणून. हे आजवर कुणाला सांगितलं न्हाय. लाज वाटते. सरांनी उभं केलं त्याची न्हाय, त्या हसण्याची.

आईनं मान खाली घातली, डबा उंबऱ्यावर ठेवला न् गेली. घरी एवढंच विचारलं, “म्या काय वंगाळ बोल्ले का रं?” तवापासनं बँक असो, दवाखाना असो, ती मला कोपरानं ढोसती. “तूच बोल.” दुखतंय तिला, सांगायचं मी. पंधरा वर्षं झाली.

आता मीच मराठी शिकवतो. परवा संधीच्याच तासाला एक पोरगी उशिरा आली. “दळण टाकाया गेल्ते, सर.” पोरं हसली. माझ्या तोंडात सरांचंच वाक्य आलं, “ही कुठली...” पोरीनं मान खाली घातली. आईनं घातली होती तशीच.

खडू उचलला. लिहिलं, गेले + होते = गेल्ते. दोन शब्द भेटले, मधला ‘हो’ गळाला, ‘ले’चा ‘ल्’ झाला. देव आणि आलय भेटले की व्याकरण, आन् आमचे शब्द भेटले की गावंढळपणा? कुणी ठरवलं हे?

“पुस्तकात न्हाय हे, पण तोंडात हाय,” म्हणलं. “हसायचं असंल तर मला हसा. म्या माझ्या आईला हसल्तो.”



सोमवारी आईला गुडघ्यासाठी दवाखान्यात न्यायचंय. ती कोपर ढोसंल. ढोसू दे. म्या तोंड उघडणार न्हाय. डॉक्टर खोळंबू दे, मागची रांग ओरडू दे. तिचं दुखणं तीच सांगंल. आन् कुणी हसलंच, तर ह्या बारीला त्यांच्यात म्या नसंन.