माणिकच्या वाटणीचं पाणी

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात अंजनाबाईंच्या तोंडी लागायची कोणाची प्राज्ञा नाही. बोंबील सुकवण्यात आणि गिऱ्हाइकांना सरळ करण्यात त्यांची हयात गेली. पण लेकीच्या त्या काळ्या फडक्यापाशी आल्या की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

लेक दिपाली पार्ल्याच्या कॉलेजात शिकते. नारळाची सोडणं जाळून तिने कोळशाची पूड केली, सुती कापडावर बसवली आणि ते कापड काचेच्या झाकणाच्या पेटीत भरलेल्या खाडीच्या पाण्यावर तरंगत ठेवलं. काळं कापड उन्हाने तापतं, पाण्याची वाफ होते, काचेला लागून तिचे थेंब होतात आणि बाटलीत उतरतात. मीठ राहतं मागे. बाटलीतलं पाणी तपासणीत पिण्याजोगं ठरलं, तर मोठी पेटी करायला कॉलेज मदत देणार होतं आणि ती दिपालीच्या भावाच्या, निमेशच्या होडीवर बसणार होती.

अंजनाबाईंचा धाकटा भाऊ माणिक असाच होडीवर गेला होता. इंजिन बंद पडलं, होडी भरकटली, पिंपातलं पाणी संपलं. होडी सापडली तेव्हा माणिकमध्ये जीव नव्हता. चहूकडे पाणी आणि पोरगा तहानेने गेला, हे बाईंच्या काळजात काट्यासारखं रुतलेलं.

त्यामुळे तपासणी तोंडावर असताना भरलेली बाटली दिसली आणि त्यांना राहवलं नाही. किनाऱ्यावर जाऊन त्यांनी माणिकचं नाव घेतलं आणि ओंजळी ओंजळीने सगळं पाणी खाडीत सोडलं. गेलेल्याला द्यायचं, त्यात हात कसला आखडायचा?

"आये, वाट लावलीस ना गं!" रिकामी बाटली बघून दिपाली ओरडली. "आता कॉलेजात काय दाखवू?"

"तुझ्या मामाला दिलं," अंजनाबाई म्हणाल्या. "तहानेला गेला गं तो."

दिपालीने रिकामी बाटली परत पेटीला लावली. पण बाटली पुन्हा भरायला दिवसभराचं ऊन हवं होतं, आणि पेटी होती त्या अंगणात तर बांबूंवर टांगलेल्या बोंबलांची सावली. अंजनाबाईंनी पदर खोचला आणि तोंडात तोंड अडकवलेले अर्धे ओले बोंबील भराभर उतरवले.

"येडी झालीस काय?" शेजारची सपना धावत आली. "कुजतील ना ते!"

"कुजू देत. आजचं ऊन पोरीचं हाय."

बोंबील खरोखरच वाया गेले. पण बाटली भरली, पाणी तपासणीत उतरलं आणि यथावकाश मोठी पेटी निमेशच्या होडीवर चढली.

"दिवसाला तांब्याभर मिळेल फार तर," नवरा तुळशीदास म्हणाला.

"जीव धरायला तेवढं रग्गड!"

होडी सुटली. अंजनाबाईंनी दर्याला हात जोडले, मग वळून तेच हात लेकीपुढे जोडले. दिपाली ओशाळली.

"मला काय हात जोडतेस गं आये?"

"मी माझ्या भावाला घोटभर पाणी देऊ शकले नाय," त्या म्हणाल्या. "तू तुझ्या भावाला दिलंस."